कियांती: काळा कोंबडा, लाल वाइन आणि एका नावावरून तीनशे वर्षं चाललेलं भांडण

(एपिसोडचा हा लेखी मजकूर. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' आणि मागून वाजणारे रिक्षाचे हॉर्न तेवढे काढलेत. बाकी जसंच्या तसं.)

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल तर दारात उभे राहू नका, आत सरका आणि ऐका.

आजची गोष्ट एका इटालियन रेड वाइनची आहे. पण सुरुवात मी आंब्यापासून करणार. एप्रिल महिन्यात मी हायवेवरच्या एका स्टॉलवरून हापूसची पेटी घेतली. पेटीवर मोठ्या अक्षरांत 'देवगड'. भावही देवगडचाच. घरी आणून उघडली, आंबे एकेक करून काढले, तर खाली अंथरलेला पेपर कानडी! आईने आंबा हुंगला, माझ्याकडे पाहिलं आणि फक्त "बरं" म्हणाली. त्या एका 'बरं'मध्ये माझी सगळी अक्कल निघाली.

आंबा वाईट होता का? नाही, गोड होता. पण मी पैसे दिले होते ते नावाचे, आणि नेमकं नावच खोटं निघालं.

आता प्रश्न असा, की नाव कोणाचं असतं? एखाद्या गावाचं नाव बाजारात मोठं झालं, तर ते वापरायचा हक्क कोणाला? फक्त त्या गावाला? शेजारच्या गावाला? की ज्याच्याकडे प्रिंटिंग मशीन आहे त्याला? हा प्रश्न इटलीतल्या काही डोंगराळ गावांना तीनशे वर्षांपूर्वी पडला, आणि त्यांनी शोधलेल्या उत्तराचे परिणाम आजही बाटलीवर दिसतात.

त्या वाइनचं नाव आहे कियांती. चियांती नाही हं! इटालियनमध्ये त्या स्पेलिंगचा उच्चार 'क' होतो. आणि हो, हा इतिहासाचा एपिसोड आहे, वाइन प्या असा सल्ला नाही. चला.

तीन गावं आणि एक उपाशी कोंबडा

इटलीच्या मध्यावर टस्कनी नावाचा प्रदेश आहे. त्यात दोन शहरं, उत्तरेला फ्लॉरेन्स आणि दक्षिणेला सिएना. मध्ये टेकड्या, ओकची जंगलं, दगडाळ जमीन. या मधल्या टेकड्यांचं नाव कियांती. म्हणजे लक्षात घ्या, कियांती हे आधी जागेचं नाव आहे, वाइनचं नंतर. आपल्याकडे माणदेश म्हणतात, मावळ म्हणतात, तसं.

दोन शहरांचं आपसात हाडवैर. त्यामुळे मधल्या टेकड्या म्हणजे कायमची सीमा आणि कायमची लढाई. चौदाव्या शतकात फ्लॉरेन्सने इथल्या तीन गावांचा मिळून एक संघ केला. राद्दा, गायोले आणि कास्तेल्लीना ही ती गावं. संघाचं नाव लेगा देल कियांती, आणि त्याचं चिन्ह काळा कोंबडा.

कोंबडाच का? याची एक दंतकथा आहे. खरीखोटी कोणास ठाऊक, पण मस्त आहे. दोन्ही शहरं लढून लढून कंटाळली. ठरलं असं, की पहाटे कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक घोडेस्वार निघणार. दोघं जिथे भेटतील ती हद्द. सिएनावाल्यांनी निवडला पांढरा कोंबडा आणि त्याला खाऊ घालून गब्दुल केला. फ्लॉरेन्सवाल्यांनी निवडला काळा आणि त्याला ठेवला उपाशी. भुकेने कळवळलेला काळा कोंबडा उजाडायच्या कितीतरी आधी आरवला. फ्लॉरेन्सचा स्वार सुसाट सुटला आणि सिएनाच्या अगदी जवळ येऊन पोहोचला. सिएनाचा कोंबडा तेव्हा कुठे डोळे चोळत होता! जवळजवळ अख्खी कियांती फ्लॉरेन्सच्या पदरात पडली.

दंतकथा सोडा, पण कोंबडा खरा आहे. फ्लॉरेन्सच्या पालात्सो वेक्क्यो या राजवाड्यात जॉर्जो वासारी या चित्रकाराने सोळाव्या शतकात छत रंगवलं. त्यात कियांतीचं चित्र आहे आणि तिथे हा काळा कोंबडा आजही दिसतो.

आणि वाइन? १३९८ सालच्या कागदपत्रात 'कियांतीची वाइन' असा उल्लेख सापडतो. गंमत म्हणजे ती पांढरी वाइन होती! आज ज्या नावाने डोळ्यांसमोर लाल रंग येतो, त्याची पहिली नोंद पांढऱ्याची. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे कोणी "आमची परंपरा हजार वर्षं अशीच आहे" म्हणालं, की उपयोगी पडेल.

१७१६: राजा नकाशावर रेघ ओढतो

आता थोडं पुढे येऊ. अठराव्या शतकाची सुरुवात. टस्कनीवर मेदिची घराण्याचं राज्य, गादीवर कोसिमो तिसरा. टस्कनीची वाइन जहाजाने इंग्लंडला जायला लागली होती. आणि नाव झालं की काय होतं, ते तुम्हाला माझ्या पेटीवरून कळलंच आहे. भलत्याच ठिकाणची वाइन चांगल्या जागेच्या नावाने जायला लागली.

२४ सप्टेंबर १७१६ रोजी कोसिमोने एक फर्मान काढलं. त्यात चार भागांच्या हद्दी लिहून दिल्या: कियांती, पोमीनो, कार्मिन्यानो आणि वरचं वाल्दार्नो. कियांतीची हद्द तर एखाद्या तलाठ्याने लिहावी तशी आहे. स्पेदालुत्सोपासून ग्रेवेपर्यंत, तिथून पांत्सानो, मग राद्दा, गायोले, कास्तेल्लीना हा सगळा भाग, थेट सिएनाच्या सीमेपर्यंत. या रेघेबाहेरच्या वाइनला हे नाव लावून विकायचं नाही. बास.

आज आपल्याला यात काय विशेष वाटणार? पण साल बघा, १७१६! पोर्तुगालने पोर्ट वाइनसाठी दोरू खोऱ्याची हद्द आखली १७५६ साली. फ्रान्समधलं बोर्दोचं प्रसिद्ध वर्गीकरण १८५५ चं. म्हणजे 'या जागेचं नाव याच जागेच्या मालाला' हे कायद्यात लिहिण्याच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक.

फर्मान झकास होतं. पण फर्मान पाळून घेणारा कोणीतरी लागतो. १७३७ साली मेदिची घराण्याचा शेवटचा राजा वारला, टस्कनी दुसऱ्या घराण्याकडे गेली, आणि ती रेघ हळूहळू कागदावरच राहिली.

पंतप्रधान आणि त्याची रेसिपी

आता एन्ट्री होते आपल्या गोष्टीतल्या सगळ्यात वजनदार माणसाची. बेत्तिनो रिकासोली, जन्म १८०९. गायोलेजवळ ब्रोलियोचा किल्ला आहे, तो या घराण्याकडे बाराव्या शतकापासून. बेत्तिनो तरुणपणीच पोरका झाला आणि वारशात मिळाली ती कर्जात बुडालेली जहागीर. माणूस इतका कडक शिस्तीचा, की लोक त्याला 'पोलादी बॅरन' म्हणायचे. १८६१ साली इटली एक देश झाला, पहिला पंतप्रधान कावूर काही महिन्यांतच वारला आणि त्याच्या जागी आला हाच रिकासोली. म्हणजे इटलीचा दुसरा पंतप्रधान मूळचा द्राक्षमळेवाला!

पण त्याचं खरं वेड राजकारण नव्हतंच. फ्रान्समध्ये जाऊन तो तिथले मळे बघून आला होता. ब्रोलियोच्या तळघरात त्याने अनेक वर्षं प्रयोग केले. कुठलं द्राक्ष किती घालायचं, किती दिवस आंबवायचं, सगळं लिहून ठेवायचा.

१८७२ साली त्याने पिसा विद्यापीठातल्या प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना एक पत्र लिहिलं आणि त्यात आपला निष्कर्ष सांगितला. मुख्य द्राक्ष सांजोवेसे. वाइनला सुगंध आणि जोर त्याच्यामुळे येतो. त्यात थोडं कानायोलो, ते सांजोवेसेचा करकरीतपणा कमी करतं. आणि तिसरं मालवाजिया, हे पांढरं द्राक्ष. त्याने वाइन हलकी होते, रोजच्या जेवणासोबत चालते. पण ही पुढची ओळ महत्त्वाची आहे: जी वाइन वर्षानुवर्षं मुरवायची आहे, तिच्यात हे पांढरं द्राक्ष जवळपास नकोच.

म्हणजे रेसिपीत एक 'पण' होता. इतिहासात नेहमी हेच होतं. लोक रेसिपी लक्षात ठेवतात आणि 'पण' विसरतात. या विसरण्याची किंमत पुढे शंभर वर्षांनी चुकवावी लागली.

मळा कोणाचा, राबतं कोण?

इथे एक मिनिट थांबू. राजा झाला, बॅरन झाला. पण द्राक्षं तोडत कोण होतं?

टस्कनीत शतकानुशतकं 'मेद्झाद्रिया' नावाची पद्धत होती. आपल्याकडच्या भाषेत अर्धेली. जमीन आणि घर मालकाचं, राबायचं कुळाने, पीक निम्मं निम्मं. कुळाला फक्त द्राक्षं लावून चालायचं नाही, कारण वर्षभर खायला गहू लागतो, ऑलिव्हचं तेल लागतं. म्हणून एकाच शेतात सगळं. वेल मांडवावर नाही, तर झाडांवर चढवलेले आणि मधल्या पट्ट्यात धान्य. आज टस्कनीच्या फोटोंत दिसणाऱ्या सरळसोट रांगा बऱ्याचशा अलीकडच्या.

कुळाला चांगल्या वाइनपेक्षा जास्त वाइन हवी असणं साहजिक होतं. निम्मा वाटा मालकाला गेल्यावर उरतं त्यात घर चालवायचंय. तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं? १९६४ च्या कायद्याने असे नवे करार बंद झाले. पण तोपर्यंत बरीच कुळं शेत सोडून शहरातल्या कारखान्यांत गेली होती आणि टेकड्यांवरची दगडी घरं ओस पडली होती. बाटलीवर किल्ल्याचं चित्र असतं, बॅरनचं नाव असतं. या कुटुंबांचं नाव कुठल्याच लेबलवर नाही.

आणि बाटलीवरून आठवलं. जुन्या कियांतीची बाटली तुम्ही सिनेमात पाहिली असेल. बूड गोल, काच पातळ, भोवती गवताची विणलेली टोपली. टोपली शोभेसाठी नव्हती. गोल बुडाची बाटली उभी राहत नाही आणि पातळ काच प्रवासात फुटते, म्हणून ते वेष्टण. या बाटलीला इटालियनमध्ये म्हणतात फियास्को! हो, आपण "प्लॅनचा पार फियास्को झाला" म्हणतो तोच शब्द. बाटलीचा शब्द फजितीसाठी कसा वापरला जाऊ लागला याच्या कथा बऱ्याच आहेत, पण कियांतीच्या नशिबात दोन्ही अर्थ लिहिलेले होते.

१९२४ आणि १९३२: रेघ पुसली की ताणली?

विसाव्या शतकापर्यंत कियांती हे नाव जगभर झालं होतं. आणि त्यामुळेच टस्कनीतली कुठलीही रेड वाइन 'कियांती' म्हणून विकली जायला लागली. मूळ टेकड्यांवरचे लोक वैतागले. १४ मे १९२४ रोजी राद्दामध्ये ३३ उत्पादक एकत्र आले आणि त्यांनी आपल्या नावाच्या रक्षणासाठी एक संघ काढला. चिन्ह कोणतं घेतलं असेल? बरोबर, काळा कोंबडा.

मग सरकारने एक आयोग नेमला, द्राक्षशास्त्रज्ञ जोव्हान्नी दाल्मास्सो यांच्या नावाने ओळखला जातो तो. त्याच्यासमोर दोन बाजू होत्या. मूळ गावं म्हणत होती, कियांती ही जागा आहे, त्यामुळे जागेबाहेर कियांती नाही. बाहेरचे म्हणत होते, इतकी वर्षं बाजारात आमच्या वाइनला याच नावाने ओळखतात, तशीच द्राक्षं, तशीच पद्धत, आता अचानक आम्ही खोटे कसे?

१९३२ साली निकाल लागला. सरकारने कियांतीचे सात भाग केले. फ्लॉरेन्सभोवतीच्या टेकड्या, सिएनाच्या टेकड्या, आरेत्सोच्या, पिसाच्या, शिवाय रुफिना आणि मोंताल्बानो. सगळे कियांती. आणि मूळ गावांना काय मिळालं? एक विशेषण. 'क्लासिको'. म्हणजे तुम्ही खरे, तुम्ही जुने, पण नावाचे मालक तुम्ही एकटे नाही.

एकत्र कुटुंबातल्या थोरल्या भावाला "अहो, तुम्ही मोठे!" म्हणून मानाचा नारळ द्यावा आणि घराच्या वाटण्या सगळ्यांत सारख्या कराव्यात, तसं हे झालं. आणि आजही जर लेबलवर नुसतं 'कियांती' असेल तर ती या मोठ्या प्रदेशातली, आणि 'कियांती क्लासिको' असेल तर त्या जुन्या टेकड्यांवरची. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एपिसोडमधलं बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

नियम पाळून बिघडलेली वाइन

१९६३ साली इटलीने मूळ-स्थानाच्या संरक्षणाचा मोठा कायदा केला. १९६७ साली कियांतीला त्याखाली डीओसी दर्जा मिळाला. आता सगळं नीट होणार ना? इथेच तर खरी गंमत आहे.

नियम लिहिणाऱ्यांनी रिकासोलीची रेसिपी घेतली आणि त्यातला 'पण' गाळला. पांढरी द्राक्षं किमान १० टक्के घालायचीच, ३० टक्क्यांपर्यंत चालतील. मालवाजियासोबत त्रेब्बियानो आलं, जे भरपूर पिकतं पण चवीला फिकट. कुळं गेल्यावर नव्या लागवडी घाईघाईने झाल्या, भर उत्पादनावर. परिणाम? कायदेशीरदृष्ट्या शंभर टक्के अस्सल, पण पातळ, आंबट वाइन, टोपलीतल्या बाटलीत. अमेरिकेतल्या इटालियन हॉटेलांत ती बाटली रिकामी झाली की तिच्या तोंडात मेणबत्ती खोचायचे. कियांती म्हणजे मेणबत्तीचा स्टँड. झाला ना फियास्को?

मग बंड झालं, आणि ते केलं घरच्याच माणसांनी. आंतिनोरी हे फ्लॉरेन्सचं घराणं १३८५ पासून वाइनच्या धंद्यात. त्यांनी आपल्या तिन्यानेल्लो नावाच्या मळ्याची १९७१ सालची वाइन कियांती हे नाव न लावता काढली. पुढे त्यातली पांढरी द्राक्षं पूर्ण बंद केली आणि काबेर्ने हे फ्रेंच वाण थोडं घातलं. नियमाप्रमाणे ती 'टेबल वाइन', म्हणजे सगळ्यात खालची पायरी. आणि किंमत? कियांतीपेक्षा कितीतरी जास्त! राद्दामध्ये सेर्जो मानेत्ती यांनी १९७७ साली निव्वळ सांजोवेसेची 'ले पेर्गोले तोर्ते' काढली. जगप्रसिद्ध कियांतीच्या मातीत, कियांतीच्याच द्राक्षाची, पण कायद्याने कियांती नाही.

विचार करा. ज्या नावासाठी राजाने फर्मान काढलं, ३३ उत्पादकांनी संघ काढला, ते नाव चांगली वाइन करणाऱ्यांनी स्वतःहून टाकून दिलं. कारण नाव आता त्यांच्या मालाला शोभत नव्हतं.

यामुळे नियम करणारे हलले. १९८४ साली कियांतीला डीओसीजी हा सर्वांत वरचा दर्जा मिळाला आणि पांढऱ्या द्राक्षांची सक्ती नावापुरती उरली. १९९६ मध्ये क्लासिकोला स्वतःचा स्वतंत्र दर्जा मिळाला आणि निव्वळ सांजोवेसेची वाइन अधिकृतपणे चालू लागली. २००६ पासून तर क्लासिकोमध्ये पांढऱ्या द्राक्षांना पूर्ण बंदी. आज तिच्यात किमान ८० टक्के सांजोवेसे लागतं. बाटलीच्या मानेवर सरकारी क्रमांकाची पट्टी असते आणि त्यासोबत काळा कोंबडा.

कोंबडा कोर्टात

या कोंबड्याचीही एक शोकांतिका आहे. इटालियनमध्ये काळा कोंबडा म्हणजे 'गाल्लो नेरो'. क्लासिकोच्या संघाने हेच नाव घेऊन अमेरिकेत प्रचार सुरू केला. पण कॅलिफोर्नियात गॅलो नावाची प्रचंड मोठी वाइन कंपनी आहे, तिच्या मालकांचं आडनावच गॅलो. कंपनीने दावा ठोकला: हे नाव आमच्या ट्रेडमार्कसारखं आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. सहाशे वर्षं जुना कोंबडा एका आडनावापुढे हरला! नाव तुमच्या गावाच्या छतावर रंगवलेलं असेल, पण दुसऱ्या देशात ते नोंदवलेलं नसेल, तर तिथे ते तुमचं नाही.

आणि आपली पेटी?

तर परत माझ्या आंब्याकडे. तुम्हाला वाटेल, ओढूनताणून जोडतोय. पण बघा.

भारतात भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे जीआयचा कायदा १९९९ चा. कोकणच्या हापूसला जीआय मिळालं २०१८ साली, आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर अशा पाच जिल्ह्यांसाठी. ओळखीचं वाटतंय? देवगडचा बागायतदार म्हणतो, आमच्या कातळावरच्या आंब्याची चव वेगळी. पालघरचा म्हणतो, आमचंही झाड तेच, मेहनतही तीच. दोघांचं म्हणणं चुकीचं नाही. १९३२ चं टस्कनी आणि आजचं कोकण एकाच बाकावर बसलंय. आणि देवगडच्या आंब्यावर आता प्रत्येक फळाला वेगळा कोड असलेलं स्टिकर लागायला लागलंय. कियांतीच्या मानेवरची पट्टी, तीच कल्पना.

अजून एक धागा सांगतो आणि थांबतो. सोलापूर जिल्ह्यात अकलूज परिसरात सांजोवेसेचे मळे आहेत, इटालियन भागीदार आणि इथल्या शेतकरी कुटुंबाने मिळून उभे केलेले. त्यापासून वाइनही होते. पण तिच्या लेबलवर 'सांजोवेसे' लिहितात, 'कियांती' नाही. कारण वाणाचं नाव कोणीही लावू शकतो, जागेचं नाही. वेल विमानाने येतो, टेकडी येत नाही.

कियांतीने मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, नावाची हद्द आखली नाही तर नाव चोरीला जातं. दुसरी जास्त महत्त्वाची: हद्द आखून, शिक्का मारून काम संपत नाही. शिक्का फक्त एवढंच सांगतो की माल कुठून आला. तो चांगला आहे का, हे दर वर्षी मळ्यात नव्याने सिद्ध करावं लागतं. शिक्का असताना वाइन बिघडली आणि शिक्का नसताना सुधारली, हे आपण आत्ताच पाहिलं.

या उन्हाळ्यात मी पेटी घेताना आधी स्टिकर बघणार, कोड स्कॅन करणार आणि मग आंबा हुंगणार. आईकडून पुन्हा तो 'बरं' ऐकायची माझी तयारी नाही.

तुमच्या गावाचं असं कुठलं नाव आहे, जे दुसरंच कोणीतरी वापरतंय? आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत, काळजी घ्या, आणि दारातून आत सरका!